नारळवाले काका आणि वर्गणीची यादी

अध्यक्ष म्हणाले, ‘विषय तांत्रिक आहे, पण घाबरू नका.’ तेव्हापासून मागची रांग घाबरलेली दिसतेय! विषय साधा आहे. अ‍ॅरेच्या पोटात अ‍ॅरे असले की त्यांचा क्रम का बिघडतो? तुम्ही सगळे पीएचपीत प्रोग्रॅम लिहिणारे, त्यामुळे अ‍ॅरे म्हणजे नोंदींची यादी, हे सांगत बसत नाही.

माझं म्हणणं असं, की क्रम लावणारं फंक्शन क्वचितच चुकतं. घोळ होतो आधी, ओळी गोळा करताना, आणि बोंब होते नंतर, भलत्याच ठिकाणी.

आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणीची यादी घ्या. ज्याने जास्त दिले तो फलकावर वर. (असा फलक लावूच नये असं माझं मत, पण समितीत मी एकटा पडलो. आणि यादी करायचं कामही माझ्याच गळ्यात आलं!) प्रत्येक घराचा एक छोटा अ‍ॅरे: नाव, खोली, रक्कम. अ‍ॅरे कॉलम या फंक्शनने सगळ्या रकमा वेगळ्या काढल्या आणि यादीसकट क्रम लावणाऱ्या अ‍ॅरे मल्टीसॉर्टला दिल्या. ते म्हणालं, अ‍ॅरेंचे आकार जुळत नाहीत. दोन तास मी मल्टीसॉर्टलाच शिव्या घालत होतो. शेवटी मोजून पाहिलं, तर घरं ६३ आणि रकमा ६२.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पैसे दिले नव्हते, २१ नारळ दिले होते. नोंदीत मी ‘रक्कम’ ही की (key), म्हणजे त्या रकान्याचं नावच, ठेवली नव्हती. आणि की नसली तर अ‍ॅरे कॉलम ती ओळ गुपचूप गाळतं. ना एरर, ना वॉर्निंग. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे तुझ्या हिशेबात मी इथे राहतच नाही?’

शून्य घातलं, यादी चालली. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या आजी दारात. त्यांचे १,००१, आणि त्यांच्या वर ५०१ वाले! मी रक्कम स्वल्पविरामासकट लिहिलेली. स्वल्पविराम आला की पीएचपीच्या लेखी तो आकडा नाही, शब्द. शब्द म्हणून ‘५’ हा ‘१’पेक्षा मोठा. आजींना हे कसं पटवणार? तुम्हीच सांगा...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग पळतो.

यूसॉर्ट म्हणजे आपणच दिलेल्या तुलनेच्या फंक्शनने क्रम लावणारं फंक्शन. त्याचं उत्तर यादीच्याच व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. यूसॉर्ट मूळ यादीच बदलतं, परत देतं फक्त ट्रू. मग तक्रार येते यादीतली एकेक नोंद घेणाऱ्या खालच्या फोरीचवर, आणि आपण फोरीच तपासत बसतो. जुन्या की हव्या असतील तर यूएसॉर्ट, कारण यूसॉर्ट त्या पुसून टाकतं. तुलनेच्या फंक्शनमधून ट्रू-फॉल्स परत देऊ नका, पीएचपी ८ त्यावर कुरकुर करतं. वजाबाकीही नको: ९९.७५ मधून ९९.२५ गेले, उरला अर्धा, त्याचा पूर्णांक शून्य, म्हणजे दोघे सारखे! २०१५ साली पीएचपी ७ मध्ये लहान, सारखं की मोठं हे एकाच फटक्यात सांगणारा स्पेसशिप ऑपरेटर (<=>) आला, तो वापरा. सारख्या रकमांची घरं ८.० पासून आपापल्या मूळ क्रमानेच राहतात. त्याआधी ती हमी नव्हती.

अजून एकच. नावांनी क्रम लावाल तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांत, ‘ळ’ हा ‘व’च्या आधी बसतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या नंतर. म्हणून साध्या सॉर्टमध्ये काळे आधी, कावळे नंतर. मराठीत उलट हवं. त्यासाठी पीएचपीच्या इंटल (intl) एक्स्टेन्शनमधला, भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारा कोलेटर बघा. आमच्या इमारतीत दोन्ही आडनावं आहेत, आणि फलक अजून उतरवलेला नाही.