इताई-इताई : जिंझूकाठचा भात

[दृश्य : जपानमधलं तोयामाचं खोरं. भातखाचरांत उभं पाणी, मागे डोंगर.]

जपानी भाषेत 'इताई' म्हणजे 'दुखतंय'. जिंझू नदीच्या काठच्या बायका दिवसभर हेच म्हणत. इताई, इताई. आजाराला नावही तेच पडलं.

आधी कंबर धरायची, मग मांड्या. चाल बदकासारखी व्हायची. पुढे अंथरूण. खोकल्याची उबळ आली तरी बरगडी मोडायची. एका बाईच्या अंगात 72 ठिकाणी हाडं मोडलेली सापडली. बहुतेक जणी उतारवयाकडे झुकलेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या. गाव म्हणे, गतजन्मीचं भोगतायत.

[दृश्य : नदीच्या उगमाकडचा चढ.]

वरच्या अंगाला कामिओकाची खाण, जस्ताची आणि शिशाची. जस्ताच्या खनिजात कॅडमियम नावाचा विषारी धातू असतो. खनिज दळून-धुऊन उरलेला गाळ नदीत, नदीचं पाणी पाटाने खाचरात, तिथून भातात. दाणा स्वच्छ, चव तीच. शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात 10 ते 30 वर्षं मुक्काम करतं. मूत्रपिंड बिघडलं की हाडांचं कॅल्शियम, फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं, आणि हाडं मऊ पडतात.

खाचरात पाणी उभं असेतो कॅडमियम चिखलात गंधकाशी जखडून राहतं. पाणी सोडलं, जमीन तडकली, की ते सुटतं आणि मुळं ते ओढून घेतात. म्हणून जिथे मातीत कॅडमियम आहे, तिथे भात निसवायच्या सुमारास खाचर सुकू देत नाहीत. भातात उतरणारं दुसरं विष म्हणजे आर्सेनिक. त्याचं नेमकं उलटं, ते साचल्या पाण्यातच सुटतं. एकाला दाबावं तर दुसरं डोकं काढतं. आर्सेनिक निदान भरपूर पाण्यात भात शिजवून पेज वेळली की थोडं कमी होतं. आपल्या कोकणातल्या आज्याही भात वेळत, पण ती पेज पोरांनाच प्यायला देत!

[दृश्य : जुना दवाखाना, भिंतीवर नकाशा.]

गावचे डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी रुग्णांची घरं नकाशावर टिपली. खुणा पडल्या त्या जिंझूच्या पाण्यावर पिकणाऱ्या गावांतच. 1957 मध्ये त्यांनी खाणीकडे बोट दाखवलं, तर त्यांचीच हेटाळणी झाली. 1961 मध्ये कॅडमियमचं नाव पुढे आलं. सरकारने ते मानायला 1968 उजाडलं. त्याच वर्षी गावकऱ्यांनी खाण चालवणाऱ्या मित्सुई कंपनीवर दावा लावला आणि 1971 मध्ये तो जिंकला. खाचरांची माती बदलायचं काम मात्र 2012 पर्यंत चाललं.

भरपाईपेक्षा मला मोठी वाटते ती 1972 ची कंपनीने दिलेली एक लेखी हमी. गावकरी म्हणतील तेव्हा खाणीच्या आवारात शिरून तपासणी करतील, आणि खर्च कंपनी सोसेल.

[दृश्य : डोंगरातली वाट. हातात नमुन्याच्या बाटल्या.]

तेव्हापासून दरवर्षी शेतकरी तज्ज्ञांना घेऊन वर जातात, आणि पाणी कुठून कुठे वाहतंय ते स्वतः बघून येतात.