आधी सांगून ठेवलेला दिवस

श्रोतेहो, नमस्कार. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरातला रोजचा दिवस सुकर कसा करता येईल, याविषयी आज मी बोलणार आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्याशी मला बोलायचे आहेच. पण त्यांच्या शेजारपाजारी आणि नात्यागोत्यात असणाऱ्या मंडळींनीही हे ऐकावे अशी माझी विनंती आहे, कारण अशा मुलाचे संगोपन एकट्या आईवर सोपवून घराला मोकळे होता येत नाही.

आधी दोषाच्या प्रश्नाचा निकाल लावू. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले, आणि त्यानंतर बरीच वर्षे, आईची माया कमी पडली म्हणून मूल असे झाले, असे डॉक्टरमंडळीही मानत होती. हा समज साफ चुकीचा ठरला. लसीकरणाशी स्वमग्नतेचा संबंध जोडणारा १९९८ सालचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. या मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तरीही, ग्रहणात बाहेर गेली होतीस का, हातात मोबाइल का दिलास, असे आपल्याकडे सुनेला आजही विचारले जाते. हे विचारणे बंद झाले तरी त्या घरावरचे निम्मे ओझे उतरेल.

आता मुख्य मुद्दा. पुढे काय होणार आहे हे या मुलांना आधी कळायला हवे. आपण प्रसंगावरून अंदाज बांधतो, पाहुणे आले म्हणजे आज जेवायला उशीर होणार हे न सांगता ओळखतो. स्वमग्न मुलाला असा अंदाज बांधणे अवघड जाते, त्यामुळे दिवसातला प्रत्येक लहानसा बदल त्याच्या अंगावर येतो. ते रस्त्यात बसकण मारते किंवा कानांवर हात ठेवून किंचाळते, तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते की नेहमीचा रस्ता सोडून रिक्षा दुसऱ्या बाजूला वळली.

यावरचा उपाय म्हणजे दिवसाचा क्रम दाखवणारा चित्रांचा तक्ता, आणि त्याला पैसा लागत नाही. एका घरी मी पाहिलेला तक्ता जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचा होता. दात घासणे, अंघोळ, भाकरी, दप्तर, रिक्षा अशी चित्रे आईने स्वतः काढून स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ओळीने लावली होती आणि एक काम झाले की मुलगा ते चित्र काढून खालच्या डब्यात टाकत असे. आपल्या सोलापूर शहरात नळाला पाणी रोज येत नाही आणि आले की घरातली सगळी माणसे हातातले काम टाकून घागरी, पिंपे भरायला धावतात. त्या धावपळीत मुलाची घडी विस्कटते. म्हणून त्या माउलीने नळाचे एक वेगळे, लाल कडेचे चित्र करून ठेवले होते. पाणी येण्याच्या दिवशी ते सकाळीच तक्त्यावर लागायचे, आणि पाणी अवेळी आले तर ती ते चित्र मुलाच्या हातात देऊन दोनच शब्द बोलायची, “आता पाणी.” हे लाल चित्र मला फार मोलाचे वाटते, कारण बदल टाळता येत नाही, पण ‘बदल होणार आहे’ हेही सांगता येते, असे ते मुलाला शिकवते.

आवाजाचेही असेच आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात शांत झोपणारे मूल कुकरच्या शिट्टीने घाबरून पलंगाखाली शिरते, याचे घरच्यांना नवल वाटते. मागाचा आवाज एकसारखा आणि ठरलेल्या तालात असतो, शिट्टी मात्र अचानक येते. तेव्हा शिट्टी होण्याआधी सांगावे, मिक्सर लावताना मुलाला दुसऱ्या खोलीत जाऊ द्यावे किंवा बटण त्यालाच दाबू द्यावे. काही मुलांना सदऱ्याच्या मानेमागची चिठ्ठी टोचते, काहींना केस कापणे सोसवत नाही, आणि ती मुले नाटक करत नसतात. खाण्याबाबतही जबरदस्ती नको. फक्त पांढरा भात खाणाऱ्या मुलाच्या ताटात कडेला चिमूटभर शेंगाचटणी वाढून ठेवावी, ‘खा’ म्हणू नये, आणि दात किंवा पोट दुखत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

हट्ट आणि भावनांचा उद्रेक यांत घरातल्यांनी फरक करायला शिकले पाहिजे. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते का याचा कानोसा घेत असते आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबते. उद्रेकात सापडलेल्या मुलाला मात्र थांबणे शक्यच नसते, कारण आवाज, गर्दी, उजेड यांचा त्याच्यावर भडिमार झालेला असतो. अशा वेळी रागावू नये, समजावूही नये, कारण आपले शब्दही त्या भडिमारात भर घालतात. दिवा मालवावा, बघ्यांना दूर करावे, डोके आपटणार नाही एवढे पाहावे आणि जवळ बसून राहावे. तो प्रसंग कशाने सुरू झाला, हे मूल शांत झाल्यावर वहीत टिपून ठेवावे. काही आठवड्यांनी ती वही वाचली की कारणे आपोआप दिसू लागतात.

बोलण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. पुष्कळ मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणतात. तहान लागली की मूल येऊन म्हणते, “तुला पाणी पाहिजे का?” घरचे हसतात, पण त्या मुलाने पाणी मागितलेले असते. त्याला लगेच पाणी द्यावे आणि देताना त्याच्या बाजूने म्हणावे, “मला पाणी पाहिजे.” जे मूल मुळीच बोलत नाही त्याला चित्रे दाखवून मागायला शिकवावे. चित्रांची सवय लागली तर बोलणे राहून जाईल ही भीती निराधार आहे. उलट चित्रांनी बोलण्याला हातभारच लागतो. सोलापुरातल्या कितीतरी घरांत आजी कन्नड किंवा तेलुगू बोलते, अंगणात दखनी उर्दू असते आणि शाळेत मराठी. अशा घरांना ‘एकच भाषा ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते असे संशोधनात आढळलेले नाही, आणि आजीने नातवाशी बोलायचेच थांबवले तर तो घरातले एक हक्काचे माणूस गमावून बसतो. आजीने आपल्याच भाषेत, लहान वाक्यांत, त्याच्यासमोर बसून बोलावे.

मग गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, न्यावे की नाही? माझे उत्तर आहे, जरूर न्यावे, पण तयारीने. आठवडाभर आधी होम मैदानाचे, पाळण्यांचे आणि नंदीध्वजांचे फोटो दाखवावेत. पहिल्यांदा दुपारी, गर्दी नसताना न्यावे आणि मूल रमलेले असतानाच परत आणावे. शोभेच्या दारूकामाचा आवाज बहुतेक मुलांना सोसत नाही, त्या रात्री त्यांना घरीच राहू द्यावे. खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावीच. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि ती न सांगता निघून जातात, म्हणून सिद्धेश्वर तलावाच्या काठी एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम न घेता फक्त मुलाचा हात धरावा.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी विनामूल्य होते, आणि तुमच्या अंगणवाडीतूनच त्याची सुरुवात करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षणही मिळते. स्वमग्नता पूर्ण बरी करणारे औषध आज कोणाकडेही नाही. तशी हमी देऊन पैसे मागणाऱ्याच्या दारी जाऊ नका. तोच पैसा वाचा-उपचार, व्यवसायोपचार म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठीचे उपचार, आणि शिक्षण यांसाठी राखून ठेवा.

शेवटी आत्या, मावशी, काका आणि शेजारी यांना एक विनंती. मुलाला समजून घेतो असे नुसते म्हणू नका, रविवारी दोन तास त्याला सांभाळा. आधी त्याच्या आईकडून तक्ता कसा वापरतात ते शिकून घ्या, तुमचा फोटो तिला द्या म्हणजे तो त्या दिवशीच्या तक्त्यावर लागेल, आणि ठरलेल्या वेळेलाच या. त्या दोन तासांत आई झोपेल, किंवा मुलाच्या भावाला क्लासला पोचवून त्याच्याशी चार शब्द बोलेल. त्या भावाच्या वाट्याला असा निवांत वेळ क्वचितच येतो. पुढच्या रविवारी येणार असाल तर तेही मुलाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. नमस्कार.