खटका पडला, दिवा तसाच: भाड्याच्या घरातील सुरक्षा-साधनांविषयी

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी इंदूरच्या सुदामानगरात, लोकमान्यनगरात किंवा भंवरकुआँच्या बाजूला एखादे घर, निदान वरचा मजला तरी भाड्याने दिलेला असणार, असे धरून मी बोलतो. भाडेकरूने भिंतीत खिळे ठोकले किंवा ओट्याची फरशी फोडली, तर ते आपल्याला दारातूनच दिसते. सुरक्षा-साधनांचे तसे नाही. ती निकामी केली तरी घर पूर्वीसारखेच चालते, किंबहुना राहणाऱ्याला ते अधिक सुरळीत चालल्यासारखे वाटते, आणि त्यामुळे ही मोडतोड महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. वरच्या मजल्यावर तीन विद्यार्थी राहत होते. मीटरनंतरच्या पेटीत मी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारी सुरक्षा-कळ, बसवून घेतली होती. आत गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांतला फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचला की ती वीज तोडते, म्हणजे ओल्या हाताने गिझरला शिवलेला माणूस वाचण्याची शक्यता राहते. एकदा वर गेलो असताना सहज तिचे ‘टी’ लिहिलेले चाचणीचे बटण दाबले. खटका खाली पडला, पण खोलीतला दिवा जळतच राहिला. मेन स्विच बंद करून वायरमनकडून पेटी उघडवली, तेव्हा येणाऱ्या आणि जाणाऱ्या तारा वरच्याच स्क्रूंखाली एकत्र आवळलेल्या दिसल्या. खालचे स्क्रू रिकामे होते. यंत्र जागेवर होते, पण त्यातून वीज जातच नव्हती.

मला संताप आला, हे कबूल करतो. परंतु मुलांनी ते का केले, हे विचारल्यावर जे कळले ते मला फारसे शोभणारे नव्हते. रोज सकाळी लाइट जाते, असे त्यांनी मला दोनदा सांगितले होते आणि मी ‘बघतो’ म्हणून सोडून दिले होते. बोअरिंगच्या जड पाण्याने गिझरच्या एलिमेंटवर क्षारांचा थर चढून त्याचे आवरण तडकले होते आणि प्रवाह पाण्यात उतरत होता. आरसीसीबी आपले काम चोख करत होती. तिचे म्हणणे मी ऐकले नाही आणि मुलांनी तिचे तोंड बंद केले. शेवटी एलिमेंटचा खर्च मी सोसला, तारा पूर्ववत करण्याची मजुरी त्यांनी दिली, आणि ही वाटणी आजही मला न्याय्य वाटते.

म्हणून माझे सांगणे असे की, असे काही आढळले तर दुरुस्ती त्याच दिवशी करावी आणि पैशांचा वाद नंतर घालावा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 याच्या कलम 108 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, भाडेकरूने स्वाभाविक झीज वगळता जागा मिळाली तशी राखायची असते, आणि त्याच्या कृतीने झालेला बिघाड मालकाने कळवल्यापासून 3 महिन्यांत भरून द्यायचा असतो. पण बायपास केलेली आरसीसीबी 3 महिने तशीच ठेवणे म्हणजे वेड्यासारखे होईल. फोटो काढावा, लेखी कळवावे, वायरमनची पावती ठेवावी आणि रक्कम अनामतीतून वळती करण्याची तरतूद करारात आधीच लिहून घ्यावी. मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण (म्हणजे भाडे-नियंत्रण) कायद्यात जागेचे भरीव नुकसान हे घर रिकामे करवून घेण्याचे एक कारण सांगितलेले आहे. परंतु एका खटक्यापायी कोर्टाची पायरी चढण्यात शहाणपण नाही. रागाच्या भरात भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडणे तर अजिबात नको, कारण मग दोष उलटून आपल्याच गळ्यात पडतो. तपासणीलाही पूर्वसूचना देऊनच जावे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात 24 तास आधी कळवण्याची अट आहे. तो राज्यांसाठी केवळ नमुना असला तरी ही सवय चांगली आहे.

सगळेच भाडेकरू अडचणीपोटी असे करतात, असेही नाही. एका परिचितांच्या इमारतीत रंगपंचमीच्या गेरीहून, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतून, परतलेल्या मुलांनी जिन्यातले अग्निशामक नळकांडे गंमत म्हणून क्षणभर उडवले आणि पिन पुन्हा खोचून ठेवली. वरवर पाहता ते जसेच्या तसे होते. मात्र पावडरचे नळकांडे एकदा थोडेसे जरी दाबले, तरी झडपेत पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो. प्लास्टिकचे सील तुटलेले होते आणि दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यातून लाल भागात गेला होता. ही झीज नव्हे. भरण्याचा पूर्ण खर्च मागावा, आणि कोणी केले हे कळत नसेल तर सर्वांत वाटावा, पण तसे करारात लिहिलेले असेल तरच.

आता मी किल्ली देताना पंखे-नळांच्या यादीत आरसीसीबी, नळकांड्याच्या काट्याची स्थिती आणि गॅसच्या नळीवर छापलेले वर्ष या तीन नोंदी घालतो. सही घेण्यापूर्वी नव्या भाडेकरूला ते ‘टी’ बटण स्वतःच्या बोटाने दाबायला लावतो. घरात अंधार होतो, तो दचकून माझ्याकडे पाहतो, आणि मग मी खटका वर करतो.