आरोप काय, ते आधी लिहून मागा

नमस्कार श्रोतेहो. तुम्ही नौपाड्यात असा, कळव्यात असा की खाडीपलीकडे ऐरोली-वाशीत असा, आज बोलायचं आहे ते खोट्या आळाबद्दल. "हे लोक पैसे देऊन बाटवतात," हे वाक्य ख्रिस्ती घरातल्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. कुणी शाळेत ऐकलं, कुणी भाड्याचं घर बघताना. अशा वेळी काय करायचं? माझं सांगणं एकच आहे. आरोप काय, ते आधी स्पष्ट विचारा आणि लिहून मागा.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आठवा. यहुद्यांचा माजी प्रमुख याजक हन्ना याच्यासमोर उभ्या असलेल्या प्रभू येशूला एका कामदाराने चपराक मारली. प्रभूने त्याला विचारलं, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सांग, नाहीतर मला मारतोस का? दुसरा गाल पुढे करायला शिकवणाराच हे विचारतो आहे. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरात हेच केलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी चौकशी न करता त्याला फटके मारले, तुरुंगात टाकलं, आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. "सहन करा, प्रार्थना करा," एवढंच सांगून माणसाला घरी पाठवणारे पाळक मला पटत नाहीत. प्रार्थना हवीच. पण पौलाने स्वतःचं नागरिकत्व लपवलं नाही, मग आपण आपलं का लपवावं?

आता कोपरखैरण्याची गोष्ट सांगतो. मी ती जिथे जाईन तिथे सांगतो.

माथाडी कामगारांच्या वस्तीजवळ सिडकोच्या बैठ्या घरात आमच्या ओळखीच्या एक मावशी राहतात. त्यांचे यजमान तुर्भ्याच्या दाणाबाजारात तोलणार होते, आता ते नाहीत. त्यांचा वजनकाटा मात्र घरात आहे. महिन्याला गल्लीतल्या बायका पैसे काढतात, दाणाबाजारातून घाऊक भावात तांदळाचे कट्टे आणतात आणि मावशींच्या पडवीत वाटून घेतात. दर बुधवारी मावशींकडे प्रार्थनाही असते. एकदा टेम्पो नेमका बुधवारी आला. कुणीतरी खिडकीतून मोबाईलवर टिपलं: डोळे मिटून बसलेल्या बायका, मागे भिंतीला लावलेले कट्टे. संध्याकाळपर्यंत ते गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर लिहिलेलं, "तांदूळ देऊन धर्मांतर."

रात्री दारात आठ-दहा पोरं. शिवीगाळ सुरू झाली. मावशींचा मुलगा उसळला, त्याला त्यांनी आत बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबांनो, माझ्यावर आळ काय आहे तो कागदावर लिहा. कुणाला दिला, कधी दिला, किती दिला. खाली नाव घाला. मी उत्तर देते." आणि खरोखरच कागद-पेन पुढे केलं.

एकाने घेतलं. "तांदूळ वाटला" एवढं लिहिलं, आणि "कुणाला" इथे अडला. मागून कुणीतरी ओरडलं, "लिहितोस काय, व्हिडिओ आहे ना!" त्याने पेन उंबऱ्यावर ठेवलं. हळूहळू सगळे पांगले.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात मावशींविरुद्ध अर्ज पडला. मावशी वकीलबाईंना घेऊन गेल्या आणि सोबत हिशेबाची लांबडी वही नेली. साहेबांनी पानं उलटली. प्रत्येक ओळीत नाव, किलो, रुपये, सही. प्रार्थनेला येणारी मोजकीच नावं, बाकी शेजारच्या बायका. त्यात एक ओळ होती: पाच किलो, इंद्रायणी, रोख. सही होती पेन ठेवून गेलेल्या त्या मुलाच्या आईची. मावशींनी त्या ओळीकडे बोट दाखवलं नाही. ती बाई आपणहून ठाण्यात आली. म्हणाली, "साहेब, हा तांदूळ आमच्या घरी शिजतो. मी पैसे मोजलेत." अर्ज तिथेच निकाली निघाला.

मावशींनी मग ग्रुपवर एकदाच चार ओळींत खुलासा टाकला. वहीच्या पानाचा फोटो लावला, पण बाकीच्यांची नावं झाकून. पुढे कुणी काहीही लिहिलं तरी उत्तर दिलं नाही.

म्हणून सांगतो, मुलांना हिशेबाची वही लिहायला लावा. मोबाईलमधला हिशेब मोबाईलबरोबर जातो. आणि चर्चच्या मंडळ्यांनीही आपला जमाखर्च दारावर लावावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा.

अन्नावरून उठलेली आवई नवी नाही. पहिल्या शतकांत ख्रिस्ती लोक लहान मुलं खातात असं बोललं जायचं. साधारण 112 साली रोमन साम्राज्यातल्या बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं. दोन सेविकांचा छळ करूनही त्याच्या हाती काही गुन्हा लागला नव्हता. हे लोक जमतात आणि साधं, निरुपद्रवी अन्न खातात, असं त्यानेच कळवलं. ट्रेजनचं उत्तर ख्रिस्ती लोकांना शिक्षेतून सोडवणारं नव्हतं. पण निनावी तक्रारी मुळीच घेऊ नयेत, असं त्यात बजावलं होतं. पेत्राचं पहिलं पत्र ज्यांना लिहिलंय त्यांत याच बिथुनियाचे लोक आहेत. त्यांना पेत्र सांगतो, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने.

तेव्हा पुन्हा सांगतो. आरोप विचारा, लिहून मागा, कागद जपा. धमकीचा मेसेज रागाने खोडू नका, तो पुरावा आहे. संविधानाच्या 25 व्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. जबरदस्तीला त्यात जागा नाही, आणि नसावी. जबाबासाठी पोलीस स्त्रीला किंवा साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यात येण्याची सक्ती करू शकत नाहीत, जबाब घरी घ्यावा लागतो. अटक झाली तर वकिलाला भेटण्याचा हक्क आहे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. गुन्हा नोंदला गेला तर एफआयआरची प्रत मागा.

वकिलाचे पैसे नसतील तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. जाताना ओळखपत्र आणि आलेल्या नोटिशीची झेरॉक्स न्या, मूळ नोटीस घरी ठेवा. नमस्कार.