मुद्द्याआधीची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

‘मुद्द्याचं बोला.’ हे वाक्य आपण किती सहज म्हणून जातो! बैठकीत वरिष्ठ म्हणतात, फोनवर आपण म्हणतो, घरात मोठी माणसं मुलांना म्हणतात. हातात कामं असतात, घड्याळ पुढे सरकत असतं आणि समोरचा माणूस ‘त्याचं काय झालं...’ अशी सुरुवात करतो. आपला धीर सुटतो. आज मला बोलायचंय ते या ‘त्याचं काय झालं’बद्दल. माणसाला जे खरोखर सांगायचं असतं, ते पुष्कळदा मुद्द्यात मावत नाही, गोष्टीतच मावतं, असं माझं ठाम मत आहे. गोष्ट मधेच तोडली, तर मुद्दाही हातचा जातो.

डॉक्टरांच्या खोलीपासून सुरुवात करू. 1984 साली बेकमन आणि फ्रँकल या अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर आणि रुग्णांच्या 74 भेटींमधलं संभाषण ध्वनिमुद्रित करून तपासलं. ‘काय होतंय?’ असं विचारल्यावर रुग्णाला आपलं म्हणणं पुरं करता येतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. जेमतेम 23 टक्के भेटींत ते पुरं झालं. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांनी मधेच प्रश्न विचारून बोलणं दुसरीकडे वळवलं, आणि तेही सरासरी 18 सेकंदांत.

18 सेकंदांत काय सांगून होतं? एक उदाहरण रचून सांगतो. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, तीन-चार दिवस झाले, चक्कर येतेय. सारखी नाही येत. सकाळी उठल्यावर जास्त. परवा तर भिंतीला धरून उभं राहावं लागलं.’ इथे डॉक्टर विचारतात, ‘चक्कर येते तेव्हा मळमळतं का?’ रुग्ण त्याचं उत्तर देतो, मग पुढच्या प्रश्नाचं, मग त्याच्या पुढच्या. पण त्याच्या तोंडी आलेलं पुढचं वाक्य होतं, ‘गोळ्यांच्या वेळा मुलगी बघायची. ती परगावी गेली, तेव्हापासून कधीकधी रक्तदाबाची गोळी माझ्याकडून दोनदा घेतली जाते.’ ते वाक्य राहूनच गेलं. आणि चकरेचं कारण कदाचित त्याच वाक्यात होतं. प्रश्न चुकीचा नव्हता. तो लवकर आला, इतकंच.

यावर डॉक्टर म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे, की बाहेर रांग लागलेली असते. प्रत्येकाला मनसोक्त बोलू दिलं तर संध्याकाळपर्यंत निम्मे रुग्णही तपासून होणार नाहीत. हीच शंका घेऊन स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या रुग्णालयात एक पाहणी झाली, 2002 साली ती प्रसिद्ध झाली. तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं की रुग्ण थांबेपर्यंत आपण मधे बोलायचं नाही, फक्त वेळ मोजायची. 335 रुग्णांनी प्रत्येकी सरासरी किती वेळ घेतला असेल? 92 सेकंद. दीड मिनिटाच्या किंचित वर! दर शंभरातले 78 जण तर दोन मिनिटांच्या आत स्वतःहून थांबले. सगळ्या 335 जणांत मिळून सात जण पाच मिनिटांहून जास्त बोलले, पण त्यांनी जे सांगितलं ते महत्त्वाचंच होतं, असं खुद्द डॉक्टरांनी नोंदवलं. मला ही पाहणी फार मोलाची वाटते. गोष्ट ऐकायला वेळ नाही, असं आपण ज्याला म्हणतो, तो वेळ प्रत्यक्षात दीड मिनिटाचा निघाला.

आता डॉक्टरांना सोडून वेगळ्याच लोकांकडे जाऊ या. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात असताना, 1980च्या दशकात, ते फोटोकॉपीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. कंपनीने तंत्रज्ञांच्या हातात जाडजूड मॅन्युअल दिलेलं. अमुक एरर कोड आला तर अमुक तपासा, मग तमुक बदला. कागदावर सगळं कसं नीट! ऑर यांना मात्र दिसलं की अवघड काम पुढे सरकतं ते तंत्रज्ञांच्या गप्पांमुळे. नाश्त्याला, जेवायला ही मंडळी एकत्र जमायची आणि बोलणं फिरून फिरून यंत्रांवरच यायचं. कुठल्या यंत्राने कुणाला कसं छळलं, काय केल्यावर ते वठणीवर आलं, काय केल्याने आणखी बिघडलं.

त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग ऐका. यंत्र एक एरर कोड दाखवत होतं. त्या कोडवर सांगितलेला उपाय करून झाला, तरी बिघाड जागच्या जागी. तंत्रज्ञाने अनुभवी तज्ज्ञाला बोलावून घेतलं. त्याचीही मती कुंठित झाली. यंत्रच बदलून द्यायचा मार्ग मोकळा होता, पण मग ग्राहकापुढे नाचक्की. तेव्हा दोघं यंत्रापाशी उभे राहून एकमेकांना गोष्टी सांगू लागले. असंच एकदा तिकडे झालं होतं, पण तिथे आवाज यायचा. हो, आणि त्या दुसऱ्या यंत्रात आधी हा कोड यायचा, मग तो. प्रत्येक गोष्टीनंतर यंत्राची एखादी चाचणी, चाचणीतून नवा धागा, त्या धाग्यावरून कुणाला तरी आणखी एक गोष्ट आठवायची. कित्येक तास हे चाललं, आणि शेवटी खरा बिघाड सापडला. पुढे ती हकिगत इतर तंत्रज्ञांच्या गप्पांत गेली, म्हणजे पुढच्या कुणाचे तरी तास वाचले.

बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं, तर तो म्हणाला असता, काम सोडून गप्पा मारतायत! आणि काम तर तेच होतं.

मॅन्युअलला जे जमलं नाही, ते गोष्टींना का जमलं? मला यात एक कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मॅन्युअलमध्ये फसलेल्या प्रयत्नांना जागा नसते. तिथे फक्त शेवटी बरोबर ठरलेलं उत्तर असतं. गोष्टीत मात्र आधी काय वाटलं होतं, तसं का वाटलं, ते कुठे खोटं ठरलं, हे सगळं ओघाने येतंच. नवशिक्याला उत्तराइतकीच, किंबहुना उत्तराहूनही जास्त, त्या चुकलेल्या वाटांची गरज असते. झेरॉक्सने नंतर तंत्रज्ञांचे असे अनुभव एकमेकांपर्यंत पोहोचावेत म्हणून ‘युरेका’ नावाची संगणकीय व्यवस्था उभी केली. विमान वाहतुकीत तर हे त्याआधीच ओळखलं गेलं होतं. अमेरिकेत 1976पासून नासा ही संस्था वैमानिकांचे आणि हवाई वाहतूक नियंत्रकांचे असे अनुभव गोळा करते. थोडक्यात निभावलं, असे प्रसंग त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवायचे. नाव उघड होत नाही. लिहिणाऱ्याला ती शाश्वती असल्यामुळे ‘माझं लक्ष दुसरीकडे होतं’ हेही कागदावर येतं, आणि सुरक्षेसाठी नेमकं तेच हवं असतं.

गोष्ट लक्षात राहते, हे तर आपण अनुभवानेच जाणतो. त्याचं प्रमाण किती, हे 1969मध्ये गॉर्डन बोअर आणि मायकल क्लार्क यांच्या प्रयोगात दिसलं. प्रत्येकी 10 शब्दांच्या 12 याद्या लोकांना पाठ करायला दिल्या. एका गटाला सांगितलं, प्रत्येक यादीतले शब्द ओवून एक छोटी गोष्ट रचा. दुसऱ्या गटाने आपापल्या पद्धतीने पाठ केलं. सगळ्या याद्या संपल्यावर विचारलं, तेव्हा गोष्टवाल्यांना 93 टक्के शब्द सांगता आले, दुसऱ्यांना 13 टक्के. शब्द तेच होते, वेळही तेवढाच.

नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या तरुण श्रोत्यांना म्हणून मला एक आग्रहाने सांगायचंय. ‘मी जबाबदारीने काम करतो’ हे वाक्य समोरच्यांनी सकाळपासून अनेकदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी समजा कुणी म्हणालं, ‘रात्री पावणेअकराला माझ्या लक्षात आलं की उद्या सकाळी जाणाऱ्या यादीत दोन रकमांची अदलाबदल झालीय. साहेबांना फोन करावा की नाही, असा प्रश्न पडला, कारण ती यादी त्यांनीच तपासली होती. मी केला.’ समोरची माणसं आता पुढे सरसावून बसतील. इथे ‘जबाबदारी’ हा शब्दही आलेला नाही, पण अडचण आली, मनातली घालमेल आली, आणि घेतलेला निर्णय आला. तुमच्याकडे अशी गोष्ट नक्की आहे. ती मोठ्या पराक्रमाची असायची गरज नाही, खरी मात्र असायला हवी. रचलेली गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उघडी पडते.

आता घराकडे वळतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी 20 प्रश्न तयार केले. तुझे आजी-आजोबा कुठे वाढले, ठाऊक आहे का? आई-बाबांची भेट कशी झाली? तुझ्या जन्माच्या वेळी काय काय झालं? घरात कुणावर मोठं आजारपण किंवा संकट आलं होतं का? मूळ कल्पना ड्यूक यांच्या पत्नी सारा यांची. अभ्यासात अडचणी येणाऱ्या मुलांबरोबर त्या काम करायच्या. ज्या मुलांना आपल्या घराण्याबद्दल पुष्कळ माहिती असते, ती अडचणींना जास्त चांगलं तोंड देतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. ड्यूक आणि फिवुश यांच्या पाहणीतही तसंच दिसलं. ज्यांना जास्त उत्तरं येत होती, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता.

हे ऐकून उद्या मुलांना वीस उत्तरं पाठ करायला बसवू नका. उत्तरांत जादू नाही, हे ड्यूक यांनी स्वतः बजावून सांगितलंय. ती उत्तरं मुलांपर्यंत पोहोचली, म्हणजे त्या घरात कुणीतरी निवांत बसून सांगत होतं आणि कुणीतरी ऐकत होतं. ड्यूक यांचं आणखी एक निरीक्षण मला फार पटतं. ‘आपण शून्यातून वर आलो’ किंवा ‘आपलं सगळं होतं ते गेलं’, अशा एकाच दिशेने जाणाऱ्या कहाण्यांपेक्षा चढउतारांची कहाणी मुलांना जास्त बळ देते. आजोबांचा धंदा चालला, मग बुडाला, काकांची नोकरी गेली, घर पुन्हा सावरलं. आपण मुलांपुढे अपयश झाकून ठेवतो, ती खचतील म्हणून. पण घरात आधी कुणीतरी पडून पुन्हा उठलेलं आहे, हे ज्या मुलाला माहीत नसतं, त्याला परीक्षेतलं पहिलंच अपयश जगबुडी वाटतं.

एवढी ताकद ज्या गोष्टीत असते, तिच्याबद्दल सावधही राहायला हवं. 2007 साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांच्या हातात पाच डॉलर दिले आणि आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी मदत मागितली. काहींना रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. काहींना लाखो भुकेल्या लोकांची आकडेवारी दाखवली. त्यांनी 1.14 दिले. आणि ज्यांना रोकियाची हकिगत आणि आकडे दोन्ही दाखवले, त्यांनी 1.43. आकडे जोडल्यावर मदत वाढायला हवी होती, ती घटली. म्हणजे गोष्टीने आपलं मन एका माणसाशी बांधलं जातं, आणि त्याच्यामागे उभे असलेले हजारो नजरेआड होतात. फसव्या जाहिराती, अफवा आणि भडकावू भाषणं याच वाटेने आत शिरतात. म्हणून एखाद्या हकिगतीने डोळ्यांत पाणी आलं किंवा रक्त तापलं, की थोडं थांबून विचारावं: हे एकाचं झालं, बाकीच्यांचं काय? हे सांगणारा काय गाळतोय? गोष्ट पुरी ऐकावी आणि आकडेही मागावेत. दोन्ही.

शेवटी कामाच्या ठिकाणची एक गोष्ट, जी फार हळहळ लावते. पस्तीस-चाळीस वर्षं नोकरी करून एखादा माणूस निवृत्त होतो. हार, शाल, दोन भाषणं. त्याच्याकडून फायली, किल्ल्या, पासवर्ड सगळं सही घेऊन ताब्यात घेतलं जातं. त्या फाईलमध्ये अमुक नियम असाच का, तमुक पुरवठादाराला आपण दोनदा का तपासतो, त्या एका वर्षी नेमकं काय झालं होतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते त्याच्याबरोबर घरी जातं. तुमच्या ओळखीत असं कुणी या वर्षी निवृत्त होत असेल, तर आत्ताच त्यांच्याकडून दोन-तीन दुपारी मागून घ्या. फोनमधलं ध्वनिमुद्रण सुरू ठेवा, अर्थात त्यांना विचारून. ‘तुमचा अनुभव सांगा’ असं विचारलंत, तर उपदेश मिळेल. त्यापेक्षा विचारा, ‘सगळं हाताबाहेर जाणार असं कधी वाटलं होतं?’ विचारा, ‘नवीन होतात, तेव्हा कुणी सांभाळून घेतलं?’ विचारा, ‘आम्ही आज जे करतो, त्यातलं काय तुमच्यासमोर सुरू झालं, आणि का?’ ते सांगू लागले की मधे बोलू नका. विषय भरकटतोय असं वाटलं, तरी जाऊ द्या. फार तर, ‘मग?’ एवढंच म्हणा.

नमस्कार.