सातेरीची उपासमार हिवाळ्यात नाही, मे महिन्यात

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात इंदूरात कुठल्याही उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभे राहा, चोथ्यावर माश्या घोंघावत असतात आणि नीट बघितलं तर त्यातल्या बऱ्याच मधमाश्या असतात, रसवाला फडकं मारून मारून थकतो. लोकांना वाटतं वा, किती मधमाश्या, म्हणजे सगळं छान चाललंय. अहो छान कसलं, फुलं संपली म्हणून त्या बिचाऱ्या गाडीवर आल्यात!

आजचं बोलणं त्यांच्यासाठी, ज्यांनी परसात नाहीतर टेरेसवर सातेरीची पेटी ठेवलीय किंवा ठेवायचं मनात आहे. सातेरी म्हणजे आपली देशी माशी, भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, अंधारात एकाला एक समांतर पोळी बांधणारी. झाडाला उघड्यावर लटकतं ते आग्यामोहोळ, त्याच्या नादी घरी लागूच नका.

आता गंमत अशी की पुस्तकं बहुतेक थंड देशांतली, त्यांत लिहिलेलं असतं की हिवाळ्यासाठी माश्यांना मध राखून ठेवा. आपल्या माळव्यात उलटं आहे. इथे थंडीत मोहरी फुलते, धने फुलतात, मेथी फुलते, परसात शेवगा असतो, मग कडुनिंब आणि जांभूळ येतात, म्हणजे थंडीपासून एप्रिलपर्यंत पोटाची सोय आहे. मेच्या मध्यापासून मात्र ओढाताण सुरू होते आणि पावसाची झड लागली की माशी बाहेरच पडू शकत नाही. तेव्हा मध राखायचा तो मार्च-एप्रिलमध्ये, पावसाळ्यासाठी. नेमका तेव्हाच आपण काय करतो, पेटी भरलेली दिसली की सगळा मध काढून बरण्या भरतो आणि नातेवाइकांना वाटतो. मग जुलैत पेटी रिकामी, माश्या उडून गेल्या, आणि म्हणायचं सातेरी टिकतच नाही. सातेरी घर सोडते हे खरं, पण उगाच नाही सोडत. खायला नाही, मुंग्या चढतात, मेणकिडा म्हणजे पोळं पोखरणारी अळी लागलीय, किंवा कोणीतरी सारखं झाकण उघडतंय, ही त्यातली नेहमीची कारणं.

झाकणाबद्दल जरा जास्त बोलते कारण हौशी लोकांचा हात इथेच शिवशिवतो. पिल्लं असतात तिथलं तापमान माश्या 33 ते 35 अंशांच्या आसपास धरून ठेवतात. बाहेर 43 झालं तरी! पाणी आणून पोळ्यावर पसरायचं आणि पंखांनी वारा घालायचा, अगदी आपल्या कूलरसारखं. भर दुपारी तुम्ही झाकण काढलंत की सगळी मेहनत वाया, वर नवं मेण मऊ झालेलं असतं, पोळं ज्यात बांधलेलं असतं ती चौकट तारा नसलेली असेल आणि आडवी धरली तर पोळं सरळ तुटून पडतं. म्हणून चौकट नेहमी उभीच धरायची, आणि उघडायचंच असेल तर सकाळी लवकर. एरवी पेटीच्या दाराशी, बाजूला पाच मिनिटं नुसतं बसा. पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत चालल्यात? मग बहुतेक आत पिल्लं आहेत आणि राणी अंडी घालतेय, उघडून काय बघायचंय? पराग येणं बंद झालं आणि दार सुस्त दिसलं तर मात्र बघा.

केळं खाऊन पेटीपाशी जाऊ नका हं. हसू नका, माशी चावली की धोक्याचा जो वास सोडते त्यातलं मुख्य द्रव्य पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतं.

आता एक हिशोब, हा लक्षात राहिला की बाकी आपोआप कळतं. कामकरी माशी अंड्यापासून साधारण 20 दिवसांत बाहेर पडते. त्यानंतर अडीच-तीन आठवडे ती घरातच असते, खोल्या साफ कर, अळ्यांना भरव, मेण काढून पोळं बांध, दारावर पहारा दे, आणि मग शेवटी फुलांवर जाते, बाहेर पडल्यापासून हंगामात सगळं आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास. म्हणजे जानेवारीत धन्याच्या फुलावर जी माशी बसते तिचं अंडं नोव्हेंबरच्या शेवटी घातलेलं असतं. दिवाळीनंतर पेटी उपाशी आणि कमजोर असेल तर जानेवारीत शेत पांढरं झालं तरी तुमच्याकडे मजूरच नाहीत! तेव्हा भरवायचं ते दिवाळीच्या सुमारास आणि पावसाच्या लांबलेल्या झडीत, साखर आणि पाणी सारखं घेऊन पाक, संध्याकाळी, पेटीच्या आत. बाहेर सांडू देऊ नका, दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात.

औषधांची मला तरी फारशी गरज वाटत नाही. बाहेरून आणून पाळलेल्या इटालियन माशीला जो वरोआ नावाचा कोळीकिडा हैराण करतो तो मुळात आपल्या सातेरीचाच जुना पाहुणा, तिने त्याच्याबरोबर राहायचं शिकून घेतलंय, अंगावरचा किडा ती साफ करते आणि तो तिच्याकडे मुख्यतः नरांच्या खोल्यांतच वाढतो. सातेरीचा खरा शत्रू मेणकिडा. पावसाळ्याआधी माश्यांनी न झाकलेली जुनी काळी पोळी काढून टाका आणि तळफळी पुसत राहा, त्यासाठी वरून उघडावंही लागत नाही. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांसाठी. मेणपत्रा, म्हणजे खोल्यांचे ठसे उमटवलेला मेणाचा पत्रा, लावणार असाल तर सातेरीचाच मागा, इटालियनच्या पत्र्यावर खोल्या मोठ्या पडतात. मी तर चौकटीला वर मेणाची बारीक पट्टी देते, बाकी त्यांचं त्या बांधून घेतात.

पेटी झाडाच्या सावलीत, दार पूर्वेकडे, लू थेट शिरणार नाही अशी. जवळ पसरट भांड्यात पाणी आणि त्यात खडे, नाहीतर त्या शेजारच्यांच्या कूलरवर जातात आणि मग भांडणं.

आणि कॉलनीत डासांसाठी फॉगिंगची गाडी येणार असेल तर आधी विचारून ठेवा. माश्या परत आल्या की, म्हणजे अंधार पडल्यावर, दारावर जाळी लावा, वर ओलं गोणपाट टाका, आणि सकाळी उजाडताच आठवणीने काढा.