प्रणयकादंबरीचे वाचक आणि त्यांचा संकोच

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

सन्माननीय अध्यक्ष, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रमैत्रिणींनो,

आज मला प्रणयकादंबरीविषयी, आणि त्याहून अधिक ती वाचणाऱ्यांविषयी बोलायचे आहे. मंडळाच्या ग्रंथालयाचे काम पाहताना एक गोष्ट सतत नजरेस येते, म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला. टोरांटो परिसरात कुणी मोठे घर सोडून लहान घरात जाते, कुणाचे आईवडील जातात, आणि त्यांच्या पुस्तकांची खोकी आमच्याकडे येतात. खोक्यात वरच्या थरात ज्ञानेश्वरी, थोरांची चरित्रे, प्रवासवर्णने आणि नाटके असतात. तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, शैलजा राजे, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, चंद्रकांत काकोडकर यांच्या कादंबऱ्या असतात. देणारी व्यक्ती बहुधा सांगते, "खालची ती आईची आहेत, नको असतील तर रद्दीत घाला." वरच्या पुस्तकांविषयी असे कुणी सांगत नाही.

ही तळाची पुस्तके उघडून पाहावीत. चरित्रांची पाने कोरी करकरीत असतात, पण या कादंबऱ्यांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ पडलेले असतात. त्यांतली बरीच पुस्तके मुंबई-पुण्याकडची सर्क्युलेटिंग लायब्ररी बंद होताना विकत घेतलेली, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची, शिक्का मारलेली असतात. पानांवर पेन्सिलीच्या खुणा दिसतात: कुठे पृष्ठक्रमांकाभोवती गोल, कुठे एखादे आद्याक्षर, कुठे चांदणी. लायब्ररीतून रोज पुस्तक बदलून नेणाऱ्या बायका आपण हे वाचले आहे हे पुढच्या वेळी ओळखता यावे म्हणून ठरावीक पानावर आपली खूण करत. एका पुस्तकात तर एकाच पानावर वेगवेगळ्या हातांच्या अशा कितीतरी खुणा आहेत. या स्त्रिया एकमेकींना बहुधा ओळखतही नसतील, पण तेच पुस्तक त्यांनी पाठोपाठ घरी नेले, दुपारभर वाचले आणि परत केले.

ही वाचणारी माणसे आपले वाचन लपवत आली, याचे मला वाईट वाटते. पाठ्यपुस्तकाच्या आत कादंबरी ठेवणे, तिला खाकी कव्हर घालणे, सासूबाईंची चाहूल लागताच ती गादीखाली सरकवणे, हे सारे इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी केले असेल किंवा घरात पाहिले असेल. "काय वाचतेस?" या प्रश्नाला "काही नाही, असेच" हे उत्तर ठरलेले असे. हा संकोच त्यांच्यावर बाहेरून लादला गेला आणि त्यांनी तो निमूटपणे बाळगला, असे माझे मत आहे.

ना. सी. फडके यांचे उदाहरण पाहा. ते प्राध्यापक होते, १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा सन्मान आला, पण त्याच लेखकाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींना "फडके वाचून डोक्यात काय शिरते कोण जाणे" असे ऐकून घ्यावे लागे. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने गाजलेला वाद आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले, पण दुपारी उंबऱ्याशी बसून कादंबरी वाचणाऱ्या बाईला साक्षीला कुणी बोलावले नाही. तिला विचारले असते तर तिने कला आणि जीवन या दोहोंपेक्षा वेगळेच काही सांगितले असते.

अमेरिकेत हे विचारले गेले. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने मिडवेस्टमधल्या एका गावात प्रणयकादंबऱ्या नेमाने वाचणाऱ्या स्त्रियांशी सविस्तर बोलून १९८४ साली ग्रंथ लिहिला. गावाचे खरे नाव तिने उघड केले नाही. त्याला स्मिथटन असे टोपणनाव दिले. या स्त्रियांनी कथेविषयी सांगितलेच, पण त्याआधी वाचण्याच्या कृतीविषयी सांगितले. आपण पुस्तक उघडले की नवऱ्याला आणि मुलांना कळते की हा वेळ आता आईचा आहे, त्यात कुणी काही मागायचे नाही. दिवसभर सगळ्यांचे हवे-नको पाहणाऱ्या व्यक्तीला, कुणीतरी आपलेही हवे-नको पाहते आहे, हा अनुभव त्या पानांतून मिळत असे. शेवट दुःखाचा तर नाही ना, याची खात्री करण्यासाठी त्यांच्यापैकी काही जणी शेवटचे पान आधी वाचून पाहत.

हे वाचताना मला आपल्याकडची दुपार डोळ्यांपुढे आली. जेवणे झाली, झाकपाक झाली, ओटा पुसला, आणि चारच्या चहाचे आधण ठेवायला अजून अवकाश आहे, एवढाच काय तो बाईचा स्वतःचा वेळ. त्या वेळात तिने झोपावे किंवा शिवण-टिपण करावे अशी अपेक्षा. तिने पुस्तक हाती घेतले की तो वेळ तिने स्वतःच्या नावावर करून घेतला असे होई, आणि घरच्यांच्या नाराजीचे मूळ पुस्तकातल्या मजकुरापेक्षा यातच अधिक होते असे मला वाटते. पुस्तक वाचणारी व्यक्ती त्याच खोलीत असूनही हाकेच्या बाहेर असते.

आता मजकुराकडे येऊ. प्रणयकादंबरी म्हणजे देखण्या नायकाची गोष्ट, असा बाहेरून पाहणाऱ्यांचा समज असतो. जी पुस्तके मी खोक्यांतून काढून वाचली, त्यांत मला दिसले ते असे की, नायक वकील असो, डॉक्टर असो वा मळ्याचा मालक, कथा चालते ती नायिकेला काय वाटते या एकाच गोष्टीवर. ती काय बोलली, काय बोलायची राहिली, तिने कोणत्या क्षणी मान फिरवली, हे सगळे लक्षपूर्वक टिपलेले असते, आणि अखेरीस कुणीतरी तिला विचारते. ज्या काळात दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीने पोह्यांच्या बश्या फिरवायच्या, दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि मग पसंती मुलाकडून कळायची, त्या काळात नायिकेच्या होकारासाठी दोनशे पाने थांबणारे पुस्तक ही लहानसहान गोष्ट नव्हती. पत्रिका, हुंडा, मानपान, याद्या या सगळ्यांत जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो प्रश्न ही कादंबरी विचारत होती. आपल्याला हे घडणार नाही हे वाचणारीला पक्के ठाऊक होते. ती बाई भाबडी होती असे समजण्याचे काहीच कारण नाही.

आपण राहतो त्या शहराचा या विषयाशी जवळचा संबंध आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतो. हार्लेक्विन ही कंपनी १९४९ मध्ये विनिपेगला सुरू झाली. आरंभी ती नाना प्रकारची स्वस्त पुस्तके पुनर्मुद्रित करत असे. कंपनीचे प्रमुख रिचर्ड बॉनीकॅसल यांच्या पत्नी मेरी यांना लंडनच्या मिल्स अँड बूनच्या डॉक्टर-नर्सच्या प्रेमकथा आवडल्या, आणि १९५७ पासून हार्लेक्विन त्या कॅनडात छापू लागली. मिल्स अँड बून ही १९०८ सालची संस्था. १९७१ मध्ये हार्लेक्विनने ती विकतच घेतली. तोवर कंपनीचा मुक्काम टोरांटोला हलला होता. ही पुस्तके ग्रंथविक्रेत्यांवर विसंबून न राहता सुपरमार्केटमध्ये, किराणा घेणाऱ्या बाईच्या हाताशी येतील अशी ठेवली गेली. एका वाचणाऱ्या स्त्रीची आवड या साऱ्या व्यवसायाच्या मुळाशी आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

कॅनडाने १९६७ साली गुणांवर आधारित प्रवेशपद्धत आणली, त्यानंतर आपली मराठी कुटुंबे इथे येऊ लागली. त्या काळी लग्न होऊन इथे आलेल्या आपल्या एका मावशींनी मला सांगितले, ते त्यांच्या परवानगीने सांगते. नवरा सकाळी कामावर गेला की बाविसाव्या मजल्यावरच्या घरात दिवसभर बोलायला कुणी नसे. इमारतीच्या तळघरातल्या लाँड्रीत एका फळीवर लोक वाचून झालेली पुस्तके ठेवून जात, त्यांत हार्लेक्विनच जास्त. यंत्रात कपडे फिरत असताना मावशी ती वाचत. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत रुसणे, समजूत घालणे, टोमणा मारणे, माफी मागणे यांची वाक्ये नव्हती. ती इथे मिळाली. शेजारच्या इटालियन बाईशी पहिले मनमोकळे बोलणे झाले तेही एका कादंबरीच्या नायकावरून, तो नायिकेशी फार तोडून वागतो यावर दोघींचे एकमत झाल्यामुळे. पुढे मावशींनी वरचेवर भारतातून मराठी कादंबऱ्या मागवल्या. "नवऱ्याला काय सांगत होता?" असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "इंग्रजी सुधारते म्हणून सांगायचे." राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादमधल्या, मिल्स अँड बून वाचणाऱ्या तरुण मुलींचा अभ्यास केला आहे. त्यांच्याही बोलण्यात इंग्रजी सुधारण्याचे हे कारण येते. वाचण्यातला आनंद हे कारण पुरेसे आहे असे म्हणायला कुणीच धजावत नाही.

या पुस्तकांवरचे आक्षेप मी हलके मानत नाही. उद्धट, अपमान करणारा पुरुष अखेरीस प्रेमळ निघतो, हे शेकडो वेळा वाचून उद्धटपणाच प्रेमाची खूण वाटू लागेल, हा स्त्रीवादी टीकाकारांचा मुद्दा खरा आहे. रॅडवे यांनीही असे मांडले की, हे वाचन म्हणजे एक मूक तक्रार असते, पण वाचून मन हलके झाले की घरातली व्यवस्था जशीच्या तशी चालू राहते. मराठी कादंबऱ्यांपुरता माझा आक्षेप आणखी वेगळा आहे. त्यांतली नायिका जवळजवळ नेहमी गोरी, नाजूक, पांढरपेशा घरातली आणि बहुतेकदा एकाच जातिवर्गातली असते. सावळ्या मुलीला, शेतकऱ्याच्या किंवा गिरणीकामगाराच्या मुलीला त्या कथेत शिरताना स्वतःला आधी वगळावे लागे. तरीही त्यांनी ही पुस्तके वाचली, आणि ती वाचताना त्यांना काय वाटले हे कुणी लिहून ठेवले नाही. मला याची रुखरुख सर्वांत जास्त आहे.

अश्लीलतेचा आक्षेप मात्र न्यायालयात तपासला गेला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची एक कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर पुण्यात खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष ठरवले, पण उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून दोषी ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. त्या निकालातला एक विचार आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे: कामभावनेचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवायचे, तर तरुणांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही, त्यांनी केवळ धार्मिक ग्रंथ वाचावेत असे म्हणावे लागेल. त्याच वर्षी काकोडकरांच्याच कादंबरीवर आधारलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला आणि सहकुटुंब पाहिला गेला. पडद्यावर जी गोष्ट आईवडिलांच्या शेजारी बसून पाहता येत होती, तिच्या लेखकाचे पुस्तक मात्र उशीखालीच राहिले.

पुरुषांविषयीही बोलले पाहिजे. फडक्यांचे वाचक महाविद्यालयीन तरुणही होते, आणि काकोडकरांची पुस्तके रेल्वेस्थानकावरच्या दुकानातून घेणाऱ्यांत पुरुष कमी नव्हते. पुरुषाला कोवळेपणाविषयी वाचावेसे वाटते हे कबूल करण्याची सोयच आपण ठेवली नाही, म्हणून त्याने ते ऐतिहासिक कादंबरीतल्या एखाद्या प्रकरणात शोधले. आमच्या ग्रंथालयात एक काका "हिच्यासाठी" म्हणून पुस्तके नेत असत. काकू गेल्यानंतरही ते नेत राहिले. मी त्यांना कधी काही विचारले नाही, आणि त्यांनी यापुढे कारण सांगावे अशी माझी अपेक्षाही नाही.

आपल्या मुलींची पिढी यात फार पुढे गेली आहे. त्या मुखपृष्ठ समोर धरून गाडीत वाचतात, मैत्रिणींना आवडलेल्या कादंबरीविषयी मोकळेपणाने सांगतात. लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटीत २०१६ पासून केवळ प्रणयकादंबऱ्यांचे दुकान चालते. नायिकाही बदलल्या आहेत: सोनाली देव यांनी २०१९ मध्ये इंग्रजीत सुरू केलेल्या मालिकेत कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले राजे आडनावाचे कुटुंब आहे, आणि पहिल्या कादंबरीची नायिका मेंदूची शल्यविशारद आहे. जी मुलगी हे वाचते, तिला आपली आजी दुपारी काय वाचत होती याची कल्पनाही नसते, कारण आजीने ते सांगितलेले नाही. दोघींनी एकाच गोष्टीसाठी पुस्तक उघडले, आणि त्याविषयी त्या एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

म्हणून ग्रंथालय समितीने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे या कादंबऱ्या 'इतर' या कप्प्यात न ठेवता लेखिका-लेखकांच्या नावाने, दर्शनी कपाटात लावल्या जातील. देणाऱ्यांनी तळाची पुस्तके काढून टाकू नयेत, बांधणी सुटली असेल तरी द्यावीत, आम्ही ती शिवून घेऊ. दुसरे असे की, ज्यांनी ही पुस्तके वाचली त्यांच्या आठवणी आम्ही ध्वनिमुद्रित करणार आहोत: पुस्तक कुठून आणले, वर्गणी कुणी दिली, कुठे बसून वाचले, कुणापासून लपवले, कोणती नायिका आवडली आणि कोणता शेवट पटला नाही. नाव द्यायचे नसेल तर देऊ नये. जेवणानंतर मागच्या खोलीत मी आणि आपल्या दोन तरुण कार्यकर्त्या वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन बसणार आहोत. पहिल्या आठवणी लाँड्रीतल्या मावशी सांगणार आहेत, आणि त्यांनी येताना त्या फळीवरचे एक पुस्तकही आणले आहे.